मा. टोकसाहेब यांस अनावृत पत्र

मा. पॉइंट पेलीचे टोकसाहेब,
मु. ईरी सरोवर, व्हाया लीमिंग्टन, कॅनडा

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्याविषयी आम्हा टोरांटोकडच्या मराठी मंडळींची तक्रार आहे. आपण कॅनडाच्या मुख्य भूमीचे सर्वांत दक्षिणेकडचे टोक, एवढ्या एका गोष्टीवर भुलून आम्ही थालीपिठांचे डबे भरतो आणि साडेतीन-चार तास गाडी हाकतो. लीमिंग्टनला टोमॅटोच्या आकाराची पर्यटक माहितीची टपरी दिसली की पोरांना वाटते, आलेच. पुढे राष्ट्रीय उद्यान, मग पायवाट आणि सरतेशेवटी आपण. बघावे तर गेल्या खेपेला होतात तिथे नाहीच! कधी डावीकडे कललेले, कधी निम्मे पाण्यात. सरोवराची पातळी चढली की काही विचारूच नये, आणि २०१९ साली तर ती विक्रमी चढली होती. जिथे उभे राहून फोटो काढायचा ते टोकच कायम फिरतीवर, हे बरे नव्हे.

दुसरी तक्रार पाण्याची. पसारा पंचवीस हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ सात गोवे मावतील. लाटा आहेत, क्षितिज आहे, पलीकडचे ओहायो नजरेत येत नाही. आणि पाणी मात्र गोडे! ओठांवर मीठ नाही, अंग चिकचिकत नाही, मग समुद्रावर जाऊन आलो हे घरी पटवायचे कसे? भरती-ओहोटीही म्हणावी अशी नाही. त्याऐवजी पश्चिमेचा वारा पिसाळला की टोलेडोकडचे पाणी बफेलोकडे लोटले जाते आणि दोन्हीकडच्या पातळीत पुरुषभर फरक पडतो. हे कुठल्या पंचांगात बघायचे?

शिंपल्यांचेही तेच. हौसेने ओंजळभर वेचल्या, तर नखाएवढ्या, तपकिरी पट्ट्यांच्या, कडा अशा धारदार की बोट कापावे. चौकशी केली तेव्हा कळले, या झेब्रा शिंपल्या इथल्या नव्हेतच. ऐंशीच्या दशकात युरोपकडून येणाऱ्या जहाजांच्या तळटाक्यांतल्या पाण्यातून त्या या सरोवरांत उतरल्या आणि बघता बघता पसरल्या. आमच्यासारख्याच बाहेरून आलेल्या, फक्त त्यांना व्हिसा लागला नाही.

आता मुख्य मुद्दा. आपला सगळा संसार फुकटच्या वाळूवर चालतो, हे आम्हाला समजले आहे. लाटा दूरचे मातीचे कडे कुरतडतात, प्रवाह ती वाळू दोन्ही अंगांनी ओढत आणतात आणि जिथे एकमेकांना भेटतात तिथे ओतून मोकळे होतात. दुसऱ्याची जमीन खचली तर आपले पोट भरणार! मग काठच्या घरवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी दगडांचे बांध घातले. त्यांना तरी बोल कसा लावायचा? आपले परसू सरोवराला सुखासुखी कोण देईल? पण त्यात आपला शिधा तुटला. त्यातून हिवाळ्यात काठाला धरणारे बर्फही हल्ली कमी, त्यामुळे वादळी लाटा थेट उघड्या वाळूवर आदळतात.

यावर आमची नम्र सूचना अशी, की मरीन ड्राइव्हसारखे टेट्रापॉड टाकून आपणांस एकदाचे जागेवर बसवावे. वर कठडा, नावाची रंगीत पाटी, जमल्यास भेळेची गाडी. वाळू उरते की नाही, ते पुढचे पुढे. दगडांनी वाळू अडली म्हणून आणखी दगड टाकायचे, हा उपाय मुंबईत वाढलेल्या माणसाला मुळीच नवा नाही.

पाखरांची मात्र आपल्याविषयी काही तक्रार दिसत नाही. मे महिन्यात रातोरात सरोवर ओलांडून आलेली मूठभर वजनाचीही नसलेली पाखरे आपल्या पहिल्याच झुडपात अंग टाकतात. सप्टेंबरात मोनार्क फुलपाखरे अनुकूल वाऱ्याची वाट पाहत फांद्यांना लोंबकळतात. टोक हातभर इकडे सरकले काय नि तिकडे, त्यांना सोयरसुतक नाही. त्यांच्यात फोटोची पद्धत नसावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गिरगावकर, हल्ली मु. मिसिसागा

ता. क. : हे पत्र वाचून कोणी निघालेच, तर त्यांच्यासाठी. टोकाशी पाण्यात पाय बुडवायलाही बंदी आहे आणि ती योग्यच आहे. दोन प्रवाहांच्या ओढीत पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. डुंबायचेच असेल तर पश्चिमेचा किनारा गाठा, आणि पोरांचा हात सोडू नका.