सार्वभौम सँडविच

१ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुलुंड-दहिसरचे जकात नाके बंद झाले. फॉर्म भरून देणारे, साहेबांना ओळखणारे, रांगेतला ट्रक पुढे काढून देणारे अनेक गुणी लोक एका रात्रीत रिकामे झाले. त्याच सुमारास ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या वाटाघाटींना बसला होता. ही मंडळी तेव्हाच ब्रिटनच्या डोव्हर बंदरात पाठवायला हवी होती. तिकडे नाके उघडायचे होते आणि अनुभवी माणूस एकही नव्हता.

युरोपच्या वाटेवरच्या या बंदरातून गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत ट्रक ये-जा करतात. आपला व्यापार या वाटेवर इतका अवलंबून आहे याचा पुरता अंदाज नव्हता, असं ब्रेक्झिटमंत्री डॉमिनिक राब यांनी नोव्हेंबर २०१८मध्ये जाहीरपणे सांगितलं. ब्रेक्झिटच्या सार्वमताला तेव्हा दोन वर्षं उलटली होती. आपण बेटावर राहतो हे मंत्र्यांना कळलं, हेही नसे थोडके.

मग करार न होताच बाहेर पडावं लागलं तर, म्हणून तयारीला वेग आला. जहाजांच्या जादा फेऱ्यांसाठी सीबोर्न फ्रेट या कंपनीला १ कोटी ३८ लाख पौंडांचं कंत्राट मिळालं. कंपनीकडे सगळं होतं, जहाज तेवढं नव्हतं. संकेतस्थळावरच्या अटी तर घरपोच जेवण देणाऱ्या हॉटेलाच्या निघाल्या! कंत्राट रद्द झालं, कंपनीला छदाम द्यावा लागला नाही. पण ‘आम्हाला का विचारलं नाही?’ म्हणून समुद्राखालचा बोगदा चालवणारी युरोटनेल कंपनी कोर्टात गेली आणि तडजोडीत सरकारला ३ कोटी ३० लाख पौंड मोजावे लागले. जहाज नसताना एवढा खर्च करणं सोपं नाही. दरम्यान डोव्हरजवळच्या मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर वाहतूक कोंडीची रंगीत तालीम झाली. ८९ ट्रक आले. कोंडी झाली नाही, त्यामुळे तालीम फसली असंच म्हणायचं.

२०२१ उजाडलं. युरोपला निघालेल्या अवजड ट्रकला डोव्हरच्या केंट परगण्यात शिरायलाही परवाना, नसेल तर ३०० पौंड दंड. ब्रेक्झिट करून सीमा ताब्यात घ्यायची म्हटल्यावर एखादी घरातही हवीच. हॉलंडच्या बंदरात कस्टमवाल्यांनी ब्रिटनहून आलेल्या ड्रायव्हरचं हॅम सँडविच जप्त केलं. मांस घ्या, पाव तरी ठेवू द्या, अशी विनवणी झाली. साहेब म्हणाले, सगळंच जाणार, ब्रेक्झिटमध्ये स्वागत असो.

आणि युरोपातून येणारं चीज, मटण? ते पूर्वीसारखंच डुलत आत येत होतं. ब्रिटनने आपल्या तपासण्या पाचदा पुढे ढकलल्या. माल उघडून बघायला एप्रिल २०२४ची अखेर उजाडली. म्हणजे सीमेवर ताबा आला, तो समोरच्याचा. ब्रिटनचा निर्यातदार कागदांत बुडाला, युरोपचा विनातपासणी आत.

या तपासण्यांसाठी पोर्टस्मथ बंदरात सुमारे अडीच कोटी पौंड खर्चून तपासणी केंद्र बांधलं. ते तयार होईतो नियम बदलले, निम्मी जागा रिकामी, पाडून टाकण्याचीही भाषा झाली. मे २०२५मध्ये तर खाद्यपदार्थांवरच्या बहुतेक तपासण्या काढण्याचा करार करायचं दोन्ही बाजूंनी ठरवलं. पाडू मात्र नये. लग्नाला हॉल म्हणून द्यावं. शीतगृह आहे, पार्किंग भरपूर आहे, आणि वऱ्हाडाच्या शिदोरीत काय आहे हे विचारायला कुणी नाही.