कडू आहे, म्हणजे लागू पडणार

पुण्यात माणूस आजारी पडला तर ती त्याची खासगी बाब असते. बरा झाला की मात्र ती सार्वजनिक होते. कशानं बरं वाटलं हे त्याला चारचौघांत सांगावंच लागतं. ऐकणाऱ्यांतले निम्मे ‘आम्ही हे कधीचं करतोय’ म्हणतात आणि उरलेले दुसऱ्या दिवशी गुपचूप करून बघतात. तळजाईवर किंवा सारसबागेबाहेर सकाळी उभं राहिलं की या शहराच्या आरोग्याचा इतिहास रसांच्या रंगांवरून कळतो. गव्हांकुराचा हिरवा, बिटाचा लाल, कारल्याचा संशयास्पद. मधे नोनी येऊन गेली, कोरफड राहून गेली, स्पिरुलिना अजून अधूनमधून भेटते. कोरोनाच्या दिवसांत तर आमच्या सोसायटीच्या कुंपणावरची गुळवेल लोकांनी अशी ओरबाडली की शेवटी कुंपण तेवढं शिल्लक राहिलं.

आता पाळी रेशीची आहे.

रेशी हे एक अळंबं. शास्त्रीय नाव गॅनोडर्मा, जपानी नाव रेशी, चिनी नाव लिंगझी. आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकांबरोबर आलं. काका बँकेतून निवृत्त झालेले, साखर थोडी वाढलेली, उत्साह बराच वाढलेला. एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावलं. पुण्यात कुणी आपणहून बोलावतं तेव्हा माणसानं सावध व्हायला हवं, पण काकूंच्या हातची भडंग आठवून आम्ही गेलो. कॉफी पाकिटातली होती. गरम पाण्यात सोडली की तयार. ‘ही कॉफी नाही, इम्युनिटी आहे,’ काका म्हणाले आणि एका कोऱ्या कागदावर गोल काढायला लागले. वरचा गोल म्हणजे ते, खालचे दोन गोल म्हणजे आम्ही नवरा-बायको, त्याखालचे चार म्हणजे आम्ही ज्यांना कॉफीला बोलावणार ते. ही योजना कागदावर सुंदर दिसते. पण ती आखणाऱ्यानं आमचं गाव बघितलेलं नसावं. पुण्यात डाऊनलाइन तयारच होत नाही, इथे प्रत्येक जण जन्मतः अपलाइन असतो.

पाकीट मी वाचायला घेतलं. (घटक पदार्थ वाचणारा माणूस यजमानांना आवडत नाही, हे माहीत असूनही.) आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायची असते. आधी क्रीमर, मग साखर, मग कॉफी, आणि सगळ्यांत शेवटी, लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत उभ्या राहिलेल्या लांबच्या मामासारखं, गॅनोडर्मा. शिवाय एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत: औषधी वापरासाठी नाही. काकांना ते दाखवलं तर म्हणाले, ‘ते सरकारसाठी लिहावं लागतं.’

मग त्यांनी खरा पुरावा काढला. कॅप्सूल उघडून तपकिरी भुकटी माझ्या तळहातावर ओतली. ‘चाटून बघा.’ बघितली. जिभेच्या मागच्या बाजूला जाऊन बसणारा, पाण्यानं न हलणारा कडवटपणा. ‘कडू आहे ना?’ काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, ‘मग!’

या ‘मग!’पुढे कुठलंही विज्ञान टिकत नाही. आपण सगळे काडेचिराईताच्या काढ्यावर वाढलेली माणसं. वर्षाची सुरुवातच पाडव्याला कडुनिंब चावून करतो. कडू ते गुणकारी, हे आपल्याला शिकवावं लागत नाही, ते आपल्या जिभेला पाठ असतं. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांवर निष्ठा ठेवणारा मोठा वर्ग याच शहरात आहे हे खरं, पण ते खातं वेगळं. रेशीचा कडवटपणा येतो ट्रायटर्पीन गटातल्या द्रव्यांमुळे, आणि संशोधकांनाही त्या द्रव्यांत रस आहे. म्हणजे काकांची जीभ अगदीच चुकीच्या रस्त्यानं गेली होती असं नाही. फक्त जीभ जिथे ‘मग!’ म्हणून थांबते तिथे प्रयोगशाळेचं काम सुरू होतं.

या अळंब्याचं घराणं मात्र मोठं. ‘शन्नोंग बेनत्साव जिंग’ हा चीनचा साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा औषधीग्रंथ. त्यात 365 औषधं आहेत आणि त्यांचे तीन वर्ग पाडलेले आहेत. खालच्या वर्गातली 125 औषधं रोग बरा करणारी: जहाल, बेतानं घ्यायची, काम झालं की बंद करायची. वरच्या वर्गातली 120 औषधं रोगासाठी नाहीतच. ती निरोगी माणसानं घ्यायची, कितीही दिवस घ्यायची. त्यांनी अंग हलकं होतं, म्हातारपण लांबतं. लिंगझी या वरच्या वर्गात, तीही सहा रंगांत. वेलनेस नावाचं जे काही आज पाकिटातून विकलं जातं त्याचा धंदा कॅलिफोर्नियात सुरू झाला असं आपल्याला वाटतं, पण त्याची जाहिरात या ग्रंथात तयार होती. ज्याला काही झालेलं नाही अशा माणसाला औषध द्यायचं, म्हणजे गिऱ्हाईक कधी बरं होऊन निघून जायची भीती नाही.

चीनच्या पहिल्या सम्राटानं, छिन शी ह्वांगनं, अमरत्वाचं औषध आणायला शू फू नावाच्या माणसाला जहाजं आणि हजारो मुलंमुली देऊन समुद्रापार पाठवलं. तो परत आलाच नाही. सम्राट इसवी सनापूर्वी 210 मध्ये वारला, पन्नाशीसुद्धा न गाठता. चिनी लोककथेत एक नागीण, मनुष्यरूपात संसार करणारी, आपल्या नवऱ्याला जिवंत करायला पहारा चुकवून लिंगझी चोरून आणते. आपल्या हनुमंतानं अशा वेळी सगळा डोंगरच उचलला. तिला निदान नेमकं काय न्यायचं ते ठाऊक होतं.

या सगळ्या भक्तिभावात मला आवडलेला माणूस म्हणजे ली शिझेन. सोळाव्या शतकातला हा वैद्य. त्याचा ‘बेनत्साव गांगमू’ हा प्रचंड ग्रंथ 1596 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापून झाला. लिंगझीचे गुण त्यानं व्यवस्थित नोंदवले आणि मग आपलं मतही दिलं, ते असं: हे कुजण्यातून उगवतं, माणसाच्या अंगावर गाठ यावी तसं, आणि लोक त्याला शुभ मानतात, ते खाऊन अमर होता येतं म्हणतात, हा निव्वळ खुळेपणा. गुण मान्य, गाजावाजा अमान्य. हा माणूस हुबेहच्या ऐवजी सदाशिव पेठेत जन्मला असता तरी त्याला फारसं काही बदलावं लागलं नसतं.

कुजण्यातून उगवतं हे त्याचं निरीक्षण तपासायला आपल्याला चीनला जायची गरज नाही. पावसाळ्यात पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या गल्ल्यांतून, डेक्कन-एरंडवण्याकडे, गुलमोहरांच्या बुंध्यांकडे बघत चालावं. जमिनीपासून वीतभर उंचीवर, कधी मुळाच्या उंचवट्यावरच, एक अर्धगोल फळी बाहेर आलेली दिसते. कडेला पांढरट-पिवळी, आत केशरी होत होत पार तांबूस काळी, आणि वर रोगण दिल्यासारखी चकचकीत. खालून फिकट, टाचणीच्या टोकाएवढी असंख्य छिद्रं. नख ओढलं तर तपकिरी रेघ उठते. जुनी असेल तर तिच्यावर आणि शेजारच्या गवतावरसुद्धा कोकोच्या रंगाची भुकटी पडलेली असते, ते तिचे बीजाणू. मोडायला जावं तर हाताला दाद देत नाही, करवत लागते. हे गॅनोडर्मा. अमरत्वाच्या जवळचं नातेवाईक, महापालिकेच्या फुटपाथवर, फुकट.

आणि हे गुलमोहराचं मरण. बुरशी आधी मुळांत आणि बुंध्यात शिरते, आतलं लाकूड खात राहते. बाहेर फळी दिसते तेव्हा आतलं काम बरंच झालेलं असतं. वर फुलं असतात, शेंगा असतात, सगळं छान चाललेलं असतं. मग जूनच्या पहिल्या वादळी पावसात झाड मुळासकट आडवं होतं, बहुतेक वेळा कुणाच्या तरी नव्या गाडीवर. अग्निशमन दलाचे लोक येऊन लाकूड कापतात, गल्लीतले लोक विम्यावर बोलतात. फळीकडे कुणी बघत नाही.

मी काकांना मुद्दाम नेऊन ती दाखवली. ‘काका, हे तुमचंच.’ काका वाकले, चष्मा वर केला, नीट बघितलं. ‘छे,’ म्हणाले, ‘हे लोकल आहे.’

वाईट याचं वाटतं की शास्त्र काकांच्या बाजूनं आहे. युरोपातल्या ज्या अळंब्याला ‘लुसिडम’ हे नाव 1781 मध्ये इंग्लंडात मिळालं ते एक, आणि चीनमध्ये शतकानुशतकं वापरात असलेलं दुसरं, हे आता मान्य झालं आहे. चिनी जातीला 2012 मध्ये ‘गॅनोडर्मा लिंगझी’ असं स्वतंत्र नावही मिळालं. म्हणजे डब्यावर लुसिडम छापलेलं असतं आणि आत बहुधा लिंगझी असतं. आपल्याकडचे गॅनोडर्मा त्याहून वेगळे. पश्चिम महाराष्ट्रातल्या या मंडळींची नोंद घेणारा पुण्याच्या अभ्यासकांचा निबंध 2010 मध्ये ‘मायकोस्फिअर’ या नियतकालिकात आला होता. त्यामुळे हा लेख वाचून कुणी करवत घेऊन प्रभात रस्त्यावर जाऊ नये. ज्यांना बुरशीचं खरोखर कुतूहल आहे त्यांच्यासाठी गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची संस्था आहे (या पत्त्यावर आजवर किती रिक्षावाले दमले असतील), तिथे बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. भारतभरच्या बुरशी काचेच्या नळ्यांत तिथे सांभाळल्या जातात. कुणालाही तिथे इम्युनिटी दिली जात नाही.

खुद्द रेशीनं काय होतं? प्रयोगशाळेत तिच्यातली बीटा-ग्लुकॅन ही शर्करा प्रतिकारशक्तीच्या पेशींना जागं करते, हे दिसलेलं आहे. पण पेशी म्हणजे काका नव्हेत. कॉक्रेनच्या 2015च्या आढाव्यात पाच चाचण्या आणि 398 माणसं होती. मधुमेह असलेल्यांत हृदयविकाराचा धोका रेशीनं कमी होतो, असं त्यातून म्हणता येईना. कर्करोगावरच्या आढाव्यातही पाचच चाचण्या, 373 रुग्ण. निष्कर्ष असा की नेहमीच्या उपचारांसोबत दिली तर थोडा फायदा असू शकेल, उपचारांऐवजी देण्यासारखी मुळीच नाही. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. काकूंनी हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि काकांच्या गोळ्यांचा डबा घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे गेल्या. घरातलं संशोधन त्याच करतात.

‘आपल्याकडे असं काहीच नव्हतं का?’ काकांनी विचारलं. त्यांचा स्वदेशाभिमान दुखावला होता. होतं की. फणसांबा. कोकणात जुन्या फणसाच्या खोडावर लाकडासारखं कठीण अळंबं येतं, रंगानं मातकट, दिसायला रेशीच्या पासंगालाही पुरणार नाही असं. तान्ह्या मुलाची लाळ फार गळायला लागली, तोंड आलं, की फणसांबा सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावतात. जुलाबावरही देत. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले प्रा. जे. जी. वैद्य यांनी पी. वाय. लामरूड यांच्यासह 2000 मध्ये भारतातल्या औषधी अळंब्यांवर लिहिलं, त्यात हा फणसांबा आहे. तो फेलिनस गटातला, आणि एकाच नावाखाली त्याच्या निरनिराळ्या जाती विकल्या जातात. रेशीसारखी राजदरबारी कीर्ती त्याला कधी लाभली नाही. त्याच्यासाठी कुणी जहाजं पाठवली नाहीत, कुणी कॉफीत घातला नाही. आजीच्या बटव्यात राहिला, बाळाला दात आले की विसरला गेला.

काकांना तो बघायचाच होता. आम्ही मंडईजवळच्या एका काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. भिंतभर खण, गोण्या, ओव्याचा आणि वेखंडाचा मिसळलेला वास. दुकानदार पुडी बांधत होता.

‘फणसांबा आहे?’

त्यानं वर न बघताच एका बरणीकडे हात केला. आत मळकट, पापुद्रे सुटलेले लाकडाचे तुकडे. मी, वाचलेलं वाया जाऊ नये म्हणून, विचारलं, ‘यात जाती किती आहेत?’

‘जाती कशाला? लग्न जमवताय?’

काका पुढे झाले. ‘मला द्या थोडा.’

‘बाळ किती महिन्यांचं?’

‘बाळ नाही. मलाच पाहिजे.’

आता त्यानं वर बघितलं. ‘लाळ गळते?’

‘नाही हो.’

‘तोंड आलंय? पोट बिघडलंय?’

‘काही नाही. मी ठणठणीत आहे,’ काका छाती काढून म्हणाले.

‘मग औषध कशाला?’ त्यानं बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि आमच्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, ‘बोला, तुम्हाला काय होतंय?’