तीन चाकांवर पनवेल

बाबागाडी घ्यायला आलेल्या जोडप्यापुढे दुकानदार हल्ली तीन चाकांचं मॉडेल सरकवतो. "खडबडीत रस्त्यासाठी खास, साहेब!" म्हणत दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर ते गरकन फिरवूनही दाखवतो.

या मॉडेलची सुरुवात १९८४ सालची. फिल बेचलर नावाच्या अमेरिकन पत्रकाराला बाळासकट धावायला जायचं होतं, म्हणून त्याने बाबागाडीला सायकलची चाकं लावली. हवा भरलेली मोठी चाकं धक्के सोसतात, पुढचं चाक लॉक केलं की वेगात गाडी भरकटत नाही. सगळं खरं. पण धावायला रस्ता लागतो, ही अट त्याला वेगळी सांगावीशी वाटली नसणार.

आपल्याकडे पेव्हर ब्लॉक एक वर, एक खाली. पुढे उघडं गटार, मग वडापावची गाडी, मग फुटपाथवरच विसावलेली कुणाची तरी बुलेट. तीन चाकांची गाडी मागून ऐसपैस असते, तेव्हा रुंदी मोजूनच घ्या. गाडीची नव्हे, फुटपाथची. त्यापेक्षा कर्नाळ्याची पायवाट बरी. तिथले दगड निदान दर पावसाळ्यानंतर नव्याने बसवले जात नाहीत.

मुंबई-गोवा महामार्गाचं तर बोलूच नका. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हा बाबागाडीत बसणाऱ्या पोराला आता मिसरूड फुटलंय.

तरीही गाडी विकली जाते. आजी नातवाला कडेवर घेऊन बाजारात जाते आणि मागून सून सस्पेन्शनवाल्या गाडीतून कांदेबटाटे आणते.