सोळा भाज्या आणि गोट्यांची बाग

"बाई, तुमचे दोडके किती निघाले ओ?"

आक्कांचा हा प्रश्न आला की महालक्ष्म्या दाराशी आल्या समजायचं. उद्या आवाहन, परवा जेवण. नैवेद्याला सोळा भाज्या पाहिजेत आणि निलंग्याच्या बाजारात ऐन सणात गवारीचा भाव विचारायची सोय नसते. म्हणून आमच्या गल्लीत आदल्या दिवशी भिंतीवरून मोजदाद चालते. कुणाचं पडवळ वाकडं आलं, कुणाच्या भेंड्या जून झाल्या, कुणी कुणाच्या वेलाची तोंडली न विचारता तोडली, सगळा हिशेब तिथंच होतो.

"दोडके चारच, पण कारली परातभर," मी म्हटलं. "तुमच्याकडं काय काय?"

"भेंडी हाय. चमकोरा तर मोरीच्या पाण्यावर माजलाय. काशीफळाचा वेल पत्र्यावर चढला, फळ धरलं एकच, आन ते बी पार मधी. शिडी लावून कोन चढावं?" मग आक्कांचा आवाज एकदम खाली आला. "कोपऱ्यावरच्या सायबीणबाईकडं जाऊन आलाव का?"

मी परात भिंतीवर ठेवली. हा विषय उभ्या उभ्या संपणारा नव्हता.

कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाई पुण्याला लेकाकडं राहून आल्या आणि आल्या आल्या अंगणातली लिंब, जास्वंद, शेवगा, सगळं काढून टाकलं. ट्रकभर पांढऱ्या गोट्या आल्या. सिमेंटचा एक कंदील आला, चार बांबू आले, मधोमध लाल रंगाचा छोटा कमानीचा पूल आला. याला जपानी गार्डन म्हणायचं, असं त्यांनी हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्यांना सांगितलं.

"पूल हाय, पर खाली पाणी कुठाय?" आक्का म्हणाल्या.

"गोट्या म्हणजेच पाणी समजायचं असतं."

"बरं हाय की मग. उन्हाळ्यात आपल्या तेरणेवर बी तसंच असतंय."

मी हसले, पण त्या बागेची बाजूही थोडी सांगितली. पुण्यात सिंहगड रस्त्यावर दहा एकरांची पुणे-ओकायामा मैत्री बाग आहे, पु. ल. देशपांड्यांचं नाव दिलेली. जपानवर 'पूर्वरंग'मध्ये लिहिणाऱ्या माणसाचं नाव जपानी बागेला, हे मला फार शोभून दिसतं. बाई ती बाग बघून आल्या असणार, आणि बघून कुणालाही भूल पडावी अशीच ती आहे. नुसत्या दगडांच्याही बागा जपानात आहेत. क्योटोला र्योआन्जी नावाच्या मंदिरात पांढऱ्या खडीत पंधरा दगड मांडलेत. ओट्यावर कुठंही बसा, एक तरी दगड दुसऱ्याआड राहतो, पंधराच्या पंधरा एकदम दिसत नाहीत.

"पंधरा?" आक्कांनी पदर खोचला. "आमच्या माळावर या म्हणावं. दरसाली येचतो, दरसाली नांगराखाली नवे येतेत. त्ये बी कधी समदे दिसले न्हाईत."

"पण आक्का, गंमत पुढंच आहे. पुण्याची बाग जिच्यावरून बेतली ती ओकायामाची कोराकुएन. तिथल्या इकेदा घराण्यातल्या सरदारानं १६८७ला बांधायला घेतली, १७०० साली पुरी केली. जपानातल्या तीन नामांकित बागांत तिचं नाव घेतात. आणि त्या बागेत भाताचं खाचर आहे, चहाचा मळा आहे."

"सरदाराच्या बागंत भात?"

"भात. शेताच्या तुकड्यालाही तिथं बागेचाच मान."

आक्का जरा वेळ गप्प राहिल्या. त्यांच्या बाबतीत ही मोठी गोष्ट. मग म्हणाल्या, "मग हिनं शेवगा कामून तोडला वं?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ज्या दिवशी तो शेवगा पडला, त्या दिवशी आक्का सरपणाला म्हणून फांद्या घेऊन आल्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याबद्दल बोलत होत्या, एवढं आठवतं.

जपानबद्दल बोलायचा अधिकार आमच्या गल्लीत खरं तर आक्कांनाच आहे. त्यांची लेक-जावई तोक्योत असतात, एदोगावा भागातल्या निशी-कासाईला. तिथं आपली माणसं इतकी झालीत की हिंग, तूरडाळ शोधत फिरावं लागत नाही. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, अंगण कसलं? पण तिकडं पालिका गावातल्या जमिनीचे लहान लहान तुकडे करून लोकांना भाज्या लावायला भाड्यानं देते. मागणारे जास्त, तुकडे कमी, म्हणून चिठ्ठ्या टाकतात. लेकीचं नाव निघालं तेव्हा आक्कांनी गल्लीत पेढे वाटले होते. आम्हांला आधी वाटलं, नातू झाला.

"काय लावलंय या खेपेला?" मी विचारलं.

"वांगी, मुळा, मेथी. मेथीचं बी म्याच दिलतं, डब्यातलं. आन एक पालेभाजी हाय तिकडची, को... कोमा..."

"कोमात्सुना."

"तीच. बेसन पेरून लई झकास होती म्हणती."

कोमात्सुना ही मोहरीच्या कुळातली भाजी, आणि ती मूळची लेकीच्या त्या एदोगावातलीच. कोमात्सुगावा नावाच्या गावावरून तिचं नाव पडलं म्हणतात. मी हे सांगितल्यावर आक्कांना असा आनंद झाला, जणू ते गाव त्यांचं माहेर.

पण आक्कांचं खरं दुःख कारल्याचं. लेकीनं व्हिडिओवर दाखवलं, समोरच्या शाळेच्या खिडक्यांवर खालपासून वरपर्यंत जाळी लावलेली आणि जाळीभर कारल्याचे वेल. "म्या म्हणलं, येवढी कारली खातंय कोन? तर म्हणती, आई, खायला न्हाई, सावलीला लावलेत. कारलं सावलीला! आता काय बोलावं?"

खातातही तिकडं. ओकिनावाकडं कारल्याला गोया म्हणतात, टोफू आणि अंडं घालून परततात. पण सावलीची गोष्ट खरी. त्याला ते हिरवा पडदाच म्हणतात. मार्च २०११मध्ये भूकंप झाला, त्सुनामी आली, फुकुशिमाचं अणुवीज केंद्र गेलं, मग बाकीचीही केंद्रं बंद झाली आणि विजेची चणचण आली. एसी कमी चालवा म्हणून सांगितलं. तेव्हा घरांवर, शाळांवर, कचेऱ्यांवर कारल्याचे वेल चढले. पानं दाट, वाढ झपाट्याची, कीड कमी. पानांतून पाण्याची वाफ जाते तसा आतल्या खोलीतला उकाडाही उतरतो.

"भूकंपामुळं?" आक्कांनी विचारलं, आणि दोघींच्याही डोक्यात एकच तारीख आली. भाद्रपदात ती यायचीच. १९९३, गणपती बुडवून लोक दमून झोपलेले, ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायच्या आत जमीन हलली. किल्लारी तिकडं औशात, पण निलंगा तालुक्यातलीही गावं बसली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारेगार असायचं तेच घर अंगावर आलं.

"त्येच्यानंतर आमच्या सासूबाई माळवदाखाली झोपल्याच न्हाईत," आक्का म्हणाल्या. "पत्रे टाकून घेतले. पर वैशाखात पत्र्याखाली माणूस शिजतंय की. मग त्येनी पत्र्यावर दुध्याचा वेल सोडला, एका बाजूनं घोसाळं. जपानच्या आदी ध्यानात आलं बगा म्हातारीच्या."

वेल चढला की खालची खोली बसण्याजोगी होते, हे मीही त्यांच्याच घरी पाहिलंय. फक्त आमच्याकडं त्याला कुणी पडदा म्हटलं नाही आणि कुणी फोटोही काढला नाही. वेल उन्हाळ्यात जगवायचा तर पाणी लागतं, ही आमची खरी अडचण. जपानात जून उजाडला की पावसाची झड लागते. आमच्याकडं २०१६च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात माझी शेवंती गेली ती गेलीच. आक्कांचा चमकोरा तेवढा टिकला, कारण अंघोळीचं, भांड्याचं, तांदूळ धुतल्याचं, सगळं पाणी तिकडंच वळवलेलं.

चमकोऱ्यावरून, म्हणजे अळूवरून, आक्कांना पुन्हा जपान आठवलं. लेकीच्या शेजारच्या तुकड्यात एक म्हातारी अळू लावते. तिकडं अळूचे कंद खातात, सातोइमो म्हणतात, थंडीत ते उकडून गोडसर शिजवायचे. पानं मात्र टाकून देते. लेकीनं ती टाकलेली पानं हातवारे करून मागितली तेव्हा म्हातारीला वाटलं, हिला कुणीतरी फसवलंय. अळू खाजरं असतं, ते खरंच. चिंच घालून नीट शिजवलं नाही तर घशाला लागतं. दुसऱ्या दिवशी लेकीनं डब्यातून अळूवड्या नेल्या. म्हातारीनं एक खाल्ली, मग डबाच ठेवून घेतला आणि तो परत दिला कंद भरून. आता दर वर्षी पानं इकडं आणि कंद तिकडं, असा दोघींचा ठराव आहे.

"आन ऐका," आक्का भिंतीवर आणखी पुढं झुकल्या. "तिकडं शेताच्या कडंला भाजीच्या जुड्या मांडून ठिवतेत. माणूसच न्हाई. एक डबी असती, शंभर येन टाकायचे, जुडी उचलायची."

"आपल्याकडं ठेवून बघायची का?"

"डबी नवी आना पैली. तीच जाईल."

असं म्हणतात, पण ह्याच आक्का पहाटे माझ्या पायरीवर भेंड्या ठेवून जातात, डबीबिबी काही न ठेवता. मी परत काय दिलं याची नोंद त्यांच्या डोक्यात पक्की असते, हा भाग वेगळा.

मोजदाद पुन्हा सुरू झाली. दोडका, कारलं, भेंडी, चमकोरा, काशीफळ धरून पाच. मागच्या गल्लीतून गवार आणि पडवळ यायचं कबूल झालंय. अंबाडी, चुका, शेपू बाजारातून. घोळ बांधावर आहे. नंतर नव्यानं लावलेली शेवंती अजून कळीतच आहे, तेव्हा फुलं गुलबास आणि झेंडूवर भागवायची. मी सांगितलं, जपानच्या सम्राटाच्या शिक्क्यावर शेवंतीचं फूल असतं, बरोबर सोळा पाकळ्यांचं.

"सोळा?" आक्कांनी हात जोडले. "म्हंजे लक्ष्मीच की."

"आणि एका जातीच्या शेवंतीचा पाला ते भाजी म्हणून खातात."

"मग तुमच्या शेवंतीचा खुडू का थोडा? सोळात धरता येईल."

मी परात उचलून शेवंतीच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिले.

राहिली पत्री. दूर्वा दोघींकडं आहेत. आघाडा मात्र कुणाकडंच नव्हता. रस्त्याकडेचा सगळा परवाच कुणीतरी खरडून साफ केला. आघाड्यावाचून महालक्ष्म्या आत कशा आणायच्या? आक्कांनी इकडंतिकडं बघितलं. "आघाडा कुटं हाय, सांगू का? सायबीणबाईच्या गोट्यांत."

श्रावणभर पाऊस झाला, गोट्यांखालचा प्लास्टिकचा कागद फाटला, आणि त्या पांढऱ्या खडीतून गुडघ्याएवढा आघाडा वर आलाय. पुलाखाली तर केना पसरलाय, जिथं पाणी असायला हवं नेमका तिथंच. आणि उद्या सकाळी पोरगं तणनाशक मारायला येणार असल्याची बातमीही आक्कांकडं होती.

मग थांबण्यात अर्थ नव्हता. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी कारली घेतली, आक्कांनी चमकोऱ्याची पानं. बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात कागद होता, त्यांचीही यादीच चालली होती. आघाडा म्हटल्यावर म्हणाल्या, "न्या हो न्या, सगळा उपटून न्या, तेवढीच औषधाची फवारणी वाचेल." आम्ही वाकून उपटायला लागलो. त्याही दोन मिनिटांनी गोट्यांत उतरल्या. केना कुठला, आघाडा कुठला, हे त्यांना चांगलं कळत होतं. हात सरावाचा होता. उपटता उपटता त्यांनी विचारलं, "माझ्या पंधरा झाल्यात. एक अडलीय. कुणाकडं शेवग्याचा पाला मिळेल का हो?"

आक्कांनी हातातला आघाडा झटकला, मुळाची माती पाडली आणि म्हणाल्या, "मिळंल की. तुमच्याच झाडाची फांदी म्या मोरीमागं रोवलीया, डोक्याच्या वर गेली. सकाळी या, खुडून देते. पर येताना रिकाम्या नका येऊ, गवार असंल तर आना."