काकांची कार्बन सायकल

पुण्यात पाच फूट चार इंचांचे काका दोन लाखांची सायकल घेतात, तेव्हा रंग हेल्मेटला जुळतो का हे आधी पाहतात. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, किती लांबीचा, हे कोण विचारतो? मग 172.5 मिलिमीटरच्या क्रँकवर प्रत्येक फेऱ्यात गुडघा ढेरीला भेटून येतो. पावणेसहा फुटी तादेय पोगाचार 165 वर टूर द फ्रान्स जिंकतो, पण तो बिचारा कोथरूडचा नाही. सीट रेसरसारखी अरुंद, बैठकीच्या हाडांचं माप गेलं उडत. मागच्या दातेरी चक्रांची कॅसेटही रेसरचीच, त्यामुळे सिंहगडाच्या चढावर सायकल ढकलण्याचा व्यायाम फुकट. थोडे ग्रॅम वाचवायला कार्बनचं हँडल, आणि परतताना मिसळ, जादा पाव! काका, हँडल खांद्यांच्या रुंदीचं घ्या, मागे 34 दातांचं चक्र लावा. आणि आधी सीटची उंची नीट करा. त्याला पैसे पडत नाहीत.