किंकाळीचे भाष्यकार

२००६च्या सुमारास अमेरिकेतल्या कुठल्याही उपनगरातल्या चर्चमध्ये, तरुणांच्या गटात, हे गृहस्थ हमखास भेटायचे. काळे केस एका डोळ्यावर ओढलेले, धाकट्या बहिणीची वाटावी इतकी घट्ट जीन्स, पांढरा पट्टा आणि छातीवर काही केल्या वाचता न येणाऱ्या अक्षरांत बँडचं नाव. मनगटावर मात्र ‘येशूने काय केलं असतं?’ असं विचारणारी पट्टी. येशूने आधी केस कापले असते, असं वडिलांचं ठाम मत. त्यावर गृहस्थ भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडे नुसतं बोट दाखवत आणि वडील गप्प बसत.

यांना आपण भाष्यकार म्हणू. कारण यांचं जीवितकार्य एकच, दुसऱ्याच्या किंकाळीचा अर्थ तिसऱ्याला समजावून सांगणं.

भाष्याचा मूळ ग्रंथ म्हणजे फ्लोरिडाच्या अंडरओथ बँडचा ‘डिफाइन द ग्रेट लाइन’ हा अल्बम. जून २००६मध्ये सॉलिड स्टेट या लेबलने तो काढला. संगीताची जात पोस्ट-हार्डकोर. म्हणजे हार्डकोर पंकमधला आरडाओरडा तसाच ठेवायचा आणि मध्येच सुरेल गायचं, मध्येच ताल मोडायचा, मध्येच एकदम शांत व्हायचं. स्पेन्सर चेंबरलेन घसा फाडून ओरडणार आणि ड्रम बडवता बडवता ॲरन गिलेस्पी स्वच्छ आवाजात गाणार. पहिल्याच आठवड्यात सुमारे ९८ हजार प्रती खपल्या आणि अल्बम बिलबोर्डच्या यादीत थेट दुसरा आला. हा देवाचाच कौल, असं भाष्यकारांनी जाहीर केलं. मग पहिला नंबर का नाही, असं त्यांना विचारायचं नाही. तिथे सैतान आडवा आला होता.

भाष्याचा पहिला प्रयोग आईवर. गाडीत सीडी लागते, आईचा हात आवाज कमी करायला पुढे सरकतो.

“अगं मॉम, तो प्रार्थना करतोय.”

“इतक्या जोरात? देवाला कमी ऐकू येतं का?”

“दावीदसुद्धा आक्रोशच करायचा. स्तोत्रसंहिता वाच.”

मग सीडीच्या डबीतली पुस्तिका निघते आणि भाष्यकारांचं बोट ओळीओळीवरून फिरू लागतं. येशूचं नाव सापडलं नाही तरी ते डगमगत नाहीत. त्यांची पद्धत पक्की आहे. गाण्यात ‘तू’ आला की तो प्रभू. त्या ‘तू’ने दगा दिला असेल तर सैतान. आणि गाणं उघडउघड एखाद्या मुलीसाठी असेल तर मंडळी, म्हणजे चर्च, कारण मंडळी ही ख्रिस्ताची वधू. या जाळीतून अजून एकही ओळ निसटलेली नाही.

पाचव्या ट्रॅकवर तर चक्क रशियन भाषेत स्तोत्र वाचलं आहे. शब्द कळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या चर्चच्या पाळकांना भाष्यकार मुद्दाम हाच ट्रॅक ऐकवतात. पाळकांना रशियन येत नाही, भाष्यकारांनाही येत नाही. पण पवित्र शास्त्र म्हटल्यावर नको कोण म्हणणार? पाळक मान डोलावतात आणि उरलेल्या दहा ट्रॅकना त्याच परवान्यावर प्रवेश मिळतो.

ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतून तेव्हा तक्ते लावलेले असत. जगातला अमुक बँड आवडतो ना, मग आमच्याकडचा तमुक घ्या. मधुमेह्याला शुगर-फ्री पेढे दाखवावेत, तसं. भाष्यकारांना त्या तक्त्याची मनस्वी चीड. आमचा बँड कुणाच्या बदली नाही, असं ते दुकानदाराला सुनवत, आणि सीडी तिथूनच घेत, कारण पैसे आई देणार असे.

सोमवारी शाळेच्या कँटीनमध्ये भाष्य बदलतं. समोर मेटलवाली पोरं असतात. “ख्रिस्ती बँड नाही रे तो, बँडमधली पोरं ख्रिस्ती आहेत, एवढंच.” आणि पुरावा म्हणून निर्माता कोण ते सांगायचं, किलस्विच एंगेज या मेटल बँडचा ॲडम डटकीविझ. रविवारची साक्ष वेगळी, सोमवारची वेगळी. टी-शर्ट दोन्ही दिवशी तोच.

२००६च्याच उन्हाळ्यात बँडने वॉर्प्ड टूर हा फिरता संगीतमहोत्सव अर्ध्यावर सोडला. भाष्यकारांना त्यात पहिल्या शतकातल्या विश्वासणाऱ्यांचा छळ दिसला. बँडचं म्हणणं साधं होतं. आपसातली मैत्री ताणली गेली आहे, ती सावरायची आहे. पुढे चेंबरलेनने मुलाखतींतून उघडच सांगितलं की त्या काळात तो अमली पदार्थांच्या विळख्यात होता. म्हणजे ती किंकाळी खरोखरच किंकाळी होती. भाष्यकारांनी तिचे सगळे अर्थ लावले होते, माणूस बुडतोय हा सोडून.

२०१३ला बँड मोडला, २०१५ला पुन्हा जमला. तोवर भाष्यकारांना दाढी आली, घराचे हप्ते आले, केस गेले. कॉलेजात पाऊल टाकलं तेव्हापासून चर्चची पायरी ते चढले नव्हते. कुणी विचारलं तर म्हणत, माझा आता संघटित धर्मावर विश्वास नाही. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना २०१८मध्ये ‘इरेज मी’ हा नवा अल्बम आला. आम्ही आता ख्रिस्ती बँड नाही, असं बँडनेच सांगून टाकलं. ‘ऑन माय टीथ’ या गाण्यात तर शिवी. वर त्याच गाण्याला ग्रॅमीचं नामांकन.

भाष्यकार कोसळले. आपण सोडलं ते ठीक, पण यांनी कसं सोडलं? इतकी वर्षं आपली श्रद्धा तेच तर सांभाळत होते. आपण रविवारी उशिरापर्यंत लोळावं आणि फ्लोरिडात कुणीतरी आपल्या वाटणीचं घसा फोडून ओरडत राहावं, अशी ती व्यवस्था होती. ती परस्पर मोडली, आणि विचारलंसुद्धा नाही!

दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठले, फोनवर गाण्याचे शब्द उघडले आणि बोट ओळीओळीवरून फिरू लागलं.

“ही शिवी नाही गं,” ते बायकोला म्हणाले, “विलाप आहे. ईयोबानेसुद्धा आपल्या जन्मदिवसाला शाप दिला होता.”

“पण तुझा तर यातल्या कशावर विश्वास नाही ना?”

“त्याचा इथे काय संबंध?”