‘आत्ताच घ्या’ म्हणणाऱ्या एजंटसाहेबांस



हिंजवडी-वाकडचे टू बीएचके ‘भाड्यासाठी उत्तम’ म्हणून विकताना तुम्ही बाजाराची प्रत्येक अवस्था शुभ ठरवलीत. भाव पडले की ‘हीच वेळ’, चढले की ‘थांबलात तर हातचं जाईल’, हलले नाहीत की ‘बाजार स्थिर आहे, घाबरू नका’. तुमच्या पंचांगात फ्लॅट न घेण्याचा एकही दिवस नाही.

2020 आठवतं? मुद्रांक शुल्क सप्टेंबर ते डिसेंबर 3 टक्क्यांनी कमी होतं. 31 डिसेंबरचा धाक घालून तुम्ही लोकांना नोंदणी कार्यालयात पळवलंत. 80 लाखांवर 2 लाख 40 हजार वाचले, हे खरं. पण कर्जाचा दर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी बांधलेला आहे, हे सांगताना तुमचा आवाज कुठे गेला होता? मे 2022 च्या सुरुवातीला 4 टक्के असलेला रेपो फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा झाला. 60 लाखांच्या कर्जावर वर्षाला सुमारे दीड लाख जादा व्याज. वाचलेले पैसे दोन वर्षांत बँकेत गेले.

आणि भाड्याचं काय? 80 लाखांच्या फ्लॅटला महिना 24 हजार आले, तर वर्षाला 3.6 टक्के. तेही सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, रंगकाम आणि दोन भाडेकरूंमधला रिकामा महिना वजा न करता. 60 लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता 52 हजार. म्हणजे दरमहा निदान 28 हजार खिशातून. नव्या करप्रणालीत भाड्याहून जास्त भरलेल्या व्याजाचा तोटा पगारातून वजाही होत नाही. तुम्ही मात्र ‘भाड्यातून हप्ता निघेल’ असं बिनदिक्कत सांगता, आणि समोर बसलेला माणूस ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम घेऊन आलेला असतो. याचा मला राग आहे.

बाजार कुठे जाईल ते तुम्हाला कळत नाही, मलाही नाही. त्या घराचं भाडं आणि त्या माणसाची ऐपत मात्र आज मोजता येते. पुढच्या गिऱ्हाइकाला ब्रोशर द्यायच्या आधी त्याच इमारतीतले तीन नोंदणीकृत भाडेकरार दाखवा. दर दोन टक्के वाढला तर हप्ता किती होईल, तो आकडा स्वतःच्या हाताने लिहून द्या. सहा महिने घर रिकामं राहिलं तर हप्ता कुठून भराल, हे त्याला विचारा. उत्तर आलं नाही, तर त्या दिवशी टोकन घेऊ नका.